लोणारच्या इंगळे मॅडम

लोणार माझं माहेर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहत नाही. माझा जन्म तिथला, शाळा तिथली, लग्नाचा मांडव तिथलाच. तळ्याच्या काठावरून खाली उतरणारी वाट मला डोळे मिटून येते. तरी आमच्या देऊळगाव राजात आजही कुणाला विचारा, लोणार बघायला जायचंय, सोबत कुणाला न्यावं? लोक हळहळतात. म्हणतात, "लोणारच्या इंगळे मॅडम असत्या तर मजा होती."

लोणारच्या इंगळे मॅडम. बाई लोणारच्या नव्हत्याच. खडकपूर्णेच्या धरणात जी गावं गेली, त्यातल्या एका गावच्या. त्यांचं गाव पाण्याखाली गेलं याचं मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण पाणीच दाखवायचं होतं तर त्यांच्या हक्काचं एवढं मोठं धरण होतं की घराजवळ. त्यासाठी माझंच तळं कशाला हवं होतं?

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. त्या हिंदी शिकवायच्या, मी भूगोल. मी रुजू झाले तेव्हा त्या तिथं जुन्या होत्या. बेताची उंची, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, सुती साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला, जणू वर्ग संपला की लगेच कुठं विहिरीवर जायचंय. आणि आवाज. तो आवाज मी शब्दांत काय सांगू, भरदार, थोडा घोगरा, खालच्या पट्टीतला. दहावी ब मध्ये त्या दोहा म्हणायला लागल्या की शेजारच्या दहावी अ मधली माझी पोरं नकाशावरून मान वर काढायची. मी छडी आपटायची, तेवढ्यापुरती माना खाली जायच्या.

आमच्या गावात पाहुणा आला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. बालाजीचं दर्शन आणि लोणार. बालाजीला कुणी कुणाला सोबत नेत नाही, पण लोणारला नेतात. एक क्रूझर ठरवायची, सकाळी निघायचं, सिंदखेड राजा मागं टाकायचं, सुलतानपूरला चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत काठावर. कुणाचेही पाहुणे असोत, कुणाचे जावई, कुणाचे साडू, पुढच्या सीटवर ड्रायव्हरजवळ इंगळे मॅडम. "मले मागं मळमळते" असं म्हणून त्या आधीच तिथं जाऊन बसलेल्या असायच्या. मांडीवर भाकरीचं गाठोडं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत. मी सगळ्यात मागच्या बाकावर, आडव्या सीटवर, गुडघ्याला गुडघा लावून. मलाही बोलवायचे ना, बोलवायचे नाही असं नाही. "तुमचं माहेरच आहे, चला की," म्हणायचे. म्हणजे बाथरूमची सोय झाली, आबांकडे, माझ्या वडिलांकडे.

मॅडमची एक पद्धत होती. गाडी काठापासून बरीच लांब थांबवायला लावायच्या. सगळ्यांना उतरवून रांगेत उभं करायच्या, मग म्हणायच्या, "मिटा डोळे. ज्यानं चोरून पायलं त्याले भाकर भेटणार नाही." म्हातारे, नवरा-बायको, बँकेचे मॅनेजर, सगळे मुकाट डोळे मिटायचे. प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मॅडम पहिल्याचा हात धरून आगगाडी चालवल्यासारख्या सगळ्यांना कठड्यापर्यंत न्यायच्या. तिथं ओळीनं उभं करायच्या, कुणाची मान सरळ करायच्या, कुणाचा गॉगल काढून घ्यायच्या. मग म्हणायच्या, "उघडा डोळे. अन् तोंड बंद."

आणि खरंच तोंडं बंद व्हायची. इतक्या लोकांना मी त्या क्षणी बघितलंय. एवढा मोठा गोल खळगा, कडेनं दाट झाडी, तळाशी ते हिरवट पाणी, मधूनच मोराची ओरड. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं जायचं. मी रांगेत शेवटी उभी राहून ते चेहरे बघायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. तळं माझं आणि ते चेहरे त्यांच्या वाट्याला. मला एकदा, फक्त एकदा, हवं होतं की कुणीतरी माझं तळं माझ्याकडून बघावं. माझं सांगणं ऐकताना कुणाचा तरी चेहरा तसा व्हावा. यापेक्षा जास्त काही मागणं नव्हतं माझं.

लोक भानावर आले की मॅडम सुरू व्हायच्या. ती गोष्ट मला पाठ आहे. "या जमिनीच्या पोटात आग होती. लय दिवसाची. दाबून ठेवलेली. कोणी इचारलं नाही तिले, का वं, तुले काई सांगाचं हाय का? दबून राह्यली, दबून राह्यली, अन् एक दिवस बोलली. बोलली तं अशी बोलली का एवढं मोठं तोंड पडलं. मंग मोकळी झाली न् रडली. ते पाणी हे तुमच्यासमोर हाय. खाली गेल्यावर चाखून पाहा, खारट लागते का नाई ते."

बायका डोळे पुसायच्या. पुरुष खाकरायचे. आणि यातलं अक्षर खरं नव्हतं.

लोणारचं विवर ज्वालामुखीनं झालेलं नाही. पूर्वी काही जण तसं समजायचे, तेही मला ठाऊक आहे, पण ते उल्कापाताचं विवर आहे. बेसॉल्ट खडकात आहे म्हणून त्याचं जगात कौतुक आहे. हे मी सातवीपासून शिकवते. एकदा जिल्ह्याहून शाळा तपासणीला एक साहेब आले होते. तपासणी दुपारीच उरकली आणि साहेबांना लोणार बघायचं होतं. म्हणजे काय, क्रूझर आणि इंगळे मॅडम. साहेबांनीसुद्धा डोळे मिटले, हेडसरांच्या खांद्यावर हात ठेवून चालले. मॅडमची आग बोलली, रडली. मला राहवेना. मी पुढे झाले आणि म्हटलं, "सर, हे ज्वालामुखीचं तोंड नाही. उल्का आदळून झालेलं विवर आहे. याच्या कडेचे थर जर आपण नीट पाहिले तर..."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तास रंगात आलेला असताना एखादं पोरगं "पाणी प्यायला जाऊ?" विचारतं, तेव्हा आपण बघतो तसं बघितलं. म्हणाले, "मॅडम, ते पुस्तकात आहेच. यांचं होऊ द्या."

परतताना मी गाडीत विषय काढला. मागच्या बाकावरून पुढं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही चुकीचं का सांगता लोकांना? उल्का म्हणायला काय होतं?"

त्या मागं वळल्या. रागावल्या वगैरे नाहीत, त्या रागवायच्याच नाहीत, तेही माझ्या डोक्यात जायचं. म्हणाल्या, "उल्का म्हंजे कोणी बाहेरून आलं, मारून गेलं. त्यात या बिचाऱ्या जमिनीचं काय? तिचं सोताचं काईतरी पायजे ना, सुलू." सगळी गाडी हसली. साहेब सगळ्यात जास्त. मी खिडकीतून बाहेर तुरीची शेतं बघत बसले.

मग मी ठरवलं की आपणही काही कमी नाही. तळ्याचं पाणी अल्कधर्मी आहे, त्यात हळद बुडवली की ती लाल होते. प्रयोग साधा आहे, पण डोळ्यांना दिसतो. पुढच्या खेपेला, कुणाच्या तरी नागपूरच्या विहीणबाई होत्या, मी घरून हळद लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या नेल्या. खाली पाण्याजवळ, चिखल तुडवत, सगळ्यांना गोळा केलं. पट्टी बुडवली. पिवळीची लालभडक झाली. सगळे वाकून बघायला लागले आणि मी म्हटलं, "याचा अर्थ असा की या पाण्याचा सामू..."

तेवढ्यात मॅडमनी माझ्या हातातली पट्टी घेतली. कमळजा देवीच्या देवळाकडे तोंड करून वर धरली. म्हणाल्या, "पाय वं माय. हळद घेऊन गेली न् कुंकू लावून आली."

विहीणबाईंनी तिथल्या तिथं हात जोडले. बायकांनी माझ्या पट्ट्या ओढून घेतल्या, भराभर बुडवल्या, लाल झालेल्या कपाळाला लावल्या, पर्समध्ये ठेवल्या. सामू राहिला माझ्या तोंडात. त्या दिवसापासून गावात तो प्रयोग "इंगळे मॅडमची हळद" म्हणून ओळखला जातो. पट्ट्या मात्र शेवटपर्यंत मीच करून न्यायची. न नेऊन सांगते कुणाला.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण आबा.

माझे वडील पोस्टात कारकून होते. आई लवकर गेली. आबांनी मला एकट्यानं वाढवलं, आणि जवळजवळ न बोलता वाढवलं. वाईट वागले नाहीत कधी. वेणी घालून द्यायचे, वह्यांना कव्हरं घालायचे, परीक्षेच्या दिवशी दही हातावर ठेवायचे. पण बोलणं नाही. "जेवली?" "हाव." "झोप मंग." असं आमचं घर. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळीही ते माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, ओठ हलले आणि काहीच आलं नाही. मी सासरी येताना वाटभर विचार करत होते की त्यांना काय म्हणायचं होतं. पुढे कितीदा वाटलं विचारावं. विचारलं असतं तर म्हणाले असते, "काई नाई."

तर या माणसाच्या घरी, लोणारला, आमची क्रूझर चहाला थांबायची. पहिल्यांदा इंगळे मॅडम आत आल्या, पायातल्या चपला उंबऱ्याबाहेर भिरकावल्या आणि म्हणाल्या, "आबा, पोस्टात व्हते ना तुम्ही? मंग लोकायच्या चिठ्ठ्या वाचत व्हते का नाई, खरं सांगा."

मला वाटलं आता आबा उठून आत जाणार. आबा हसले. आवाज करून हसले. मला तो आवाज ओळखूच आला नाही, मी स्वयंपाकघरातून कोण आलं म्हणून बाहेर डोकावले. "वाचाच लागे," म्हणाले, "अर्ध्या गावाले वाचता येत नव्हतं." आणि मग सांगायला लागले. कुणाच्या मुंबईतल्या नवऱ्याची चिठ्ठी, कुणाची मनिऑर्डर, एका म्हातारीला तिच्या लेकाच्या नावानं आबाच कसे खोटं खोटं वाचून दाखवायचे. मी चहा गाळत होते आणि यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. माझ्या बापाच्या तोंडून ते दुसऱ्याच बाईसाठी बाहेर पडत होतं. चहा सांडला. चटका बसला. पण तो कशाचा बसला ते मला माहीत आहे.

त्यानंतर ते ठरूनच गेलं. पाहुणे देवळं बघायला गेले की मॅडम आबांच्या ओसरीवर. पावसाळ्याच्या शेवटी सीताफळं निघाली की आबा मोठी, डोळे उघडलेली बाजूला काढून ठेवायचे, "मॅडम येतीन" म्हणून. मी कधी एकटी गेले, माझ्या माहेरी, माझ्या बापाकडे, तर आधी माझ्या मागं रस्त्यावर बघायचे. "मॅडम नाई आल्या?"

"नाही आल्या. मी आलेय."

"बरं. जेवली?"

काय सांगू तुम्हाला. मला त्या बाईचा इतका हेवा वाटायचा की कधी कधी स्टाफरूममध्ये त्यांचा डबा, त्यांचा तो पितळी, कोपऱ्यात चेपलेला डबा दिसला तरी माझं डोकं उठायचं. आणि त्या मेल्या प्रेमळ इतक्या की भांडताही येईना. माझं मुतखड्याचं दुखणं निघालं तेव्हा आठवडाभर माझे तास त्यांनी घेतले. पोरांना भूगोल शिकवला. पोरं नंतर मला विचारत होती, "मॅडम, तुम्ही नदीची गोष्ट सांगत नाही का?"

निखिलचं, माझ्या मुलाचं, पुण्यात नोकरीला लागल्यावर जमलं. मुलगी पुण्याचीच, ऋता. लग्नाआधी घर बघायला म्हणून दोघं स्वतःच्या गाडीनं निघाले. निखिलनं फोनवर सांगितलं, "आई, तिला लोणार बघायचंय. तिच्या मैत्रिणींनी फोटो टाकलेत." माझा आनंद मला घरात मावेना. होणारी सून माझ्या माहेरी जाणार, माझं तळं बघणार, आणि कोण दाखवणार, तर मी. मी रात्रीच भाकरीचं पीठ काढून ठेवलं. कळण्याचं. मनात सगळं जुळवून ठेवलं, कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं. डोळेही मिटायला लावणार होते, का नाही, पद्धत काय कुणाच्या नावावर केलेली नसते.

सकाळी गाडीत बसताना निखिल म्हणाला, "आई, इंगळे मावशींना घ्यायचं ना? ऋताला मी सांगून ठेवलंय त्यांच्याबद्दल. त्यांच्याशिवाय लोणार म्हणजे काय."

पोटचा पोरगा. मी पदर सारखा केला आणि मागं बसले.

ऋता मॅडमवर फिदा झाली. ज्वालामुखीवर झाली, भाकरीवर झाली, पण सगळ्यात जास्त झाली ती बोलण्यावर. "किती गोड बोलता हो तुम्ही," म्हणायची, "'मले' म्हणा ना परत." आता बघा. मीही मले-तुलेच बोलत मोठी झाले. बीएडला गेले तेव्हा बाहेरच्या मुली हसायच्या. रात्र रात्र आरशासमोर उभी राहून मी "मला, तुला, त्याला" घोकलंय. जिभेला वळण लावलं. आज मी बोलले तर कुणी ओळखणार नाही मी कुठली ते. आणि ही पुण्याची मुलगी माझ्या त्या कमावलेल्या शुद्ध मराठीकडे ढुंकूनही न बघता इंगळे मॅडमच्या गळ्यात पडून म्हणतेय, "आई, तुम्ही का नाही असं बोलत?" मी म्हटलं, "बेटा, सवय गेली." एवढंच म्हटलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळत असावं. त्यांना सगळंच कळायचं, हीच तर अडचण होती.

मग लॉकडाऊनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं. टीव्हीवर दिसलं, सगळीकडे बोलबाला. खारटपणा वाढला की त्यात राहणारे सूक्ष्मजीव रंग बदलतात, मी हे सांगायला तयार होऊन बसले होते. माझा फोन वाजला नाही. निखिलनं पुण्याहून मॅडमना फोन केला. मग मला केला, हसत हसत, "आई, मावशी काय म्हणाल्या माहितीय? इतके दिवस कोणी पायलं नाई, आता एकदम टीव्हीवाले आले, म्हणून लाजलं." मी म्हटलं, "हो का?" आणि ऋताला ताप-खोकला काही नाही ना ते विचारलं.

त्याच्या पुढच्या वर्षी आबा गेले. झोपेतच गेले, त्रास नाही. मी पोचले तोवर ओसरी भरली होती. आणि मॅडम आल्या, एसटीनं, कुणाला न सांगता. दारातूनच "आबा" म्हणून अशी हाक मारली त्यांनी त्या आवाजात, की अख्खी गल्ली रडली. बायका त्यांच्याभोवती बसल्या, पाठीवरून हात फिरवत होत्या, पाणी देत होत्या. माझ्या डोळ्यांतून त्या दिवशी थेंब आला नाही. मी आबांची मुलगीच आहे ना. आलेल्या एका लांबच्या नातेवाईक बाईंनी मॅडमच्या हाताला धरून विचारलं, "आबांच्या थोरल्या का तुम्ही?" कुणाला सांगू नका, पण मला तेव्हा बापापेक्षा त्या प्रश्नाचंच जास्त लागलं.

मॅडम निवृत्त झाल्या त्याच्या काही महिने आधी त्यांचा आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हणाल्या, मग धूळ म्हणाल्या. वर्गात खडूचा भुगा आणि साठ पोरांवर ओरडणं, आमच्या धंद्यात घसे जातातच. जालन्याच्या डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं, साधी होती, काढून टाकली. पण महिनाभर तोंड उघडायचं नाही. उघडलं तर आवाज परत येईल याची खात्री नाही. नागपूरची लेक, प्रज्ञा, त्यांना कायमची घेऊन जाणार होती. घर आवरून झालं होतं. शाळेनं निरोपाचं विचारलं तर त्यांनी हातानंच मोठा गोल काढून दाखवला. म्हणजे लोणार. प्रज्ञा समृद्धी महामार्गानं गाडी घेऊन थेट तिथंच येणार आणि तिथूनच त्यांना नेणार, असं ठरलं.

क्रूझरमध्ये हेडसर म्हणाले, "आज भूगोलाच्या मॅडमनी सांगायचं." सगळे "हो हो" म्हणाले, मयतीला म्हणतात तसं. मी पुढच्या सीटकडे बघितलं. मॅडम मान हलवून हसत होत्या. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार हाच आला की शेवटी पाळी आली.

काठावर मॅडमनी स्वतःच्या डोळ्यांवर तळहात ठेवून दाखवले. सगळ्यांनी डोळे मिटले. त्यांनी नेहमीसारखी रांग नेली, माना सरळ केल्या, मग टाळी वाजवली. लोकांनी डोळे उघडले आणि सवयीनं सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि स्वतः कठड्यावर बसल्या.

मी सुरू केलं. उल्का, बेसॉल्ट, विवराची कड. चुकले नाही कुठं. लोक ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. मॅडम हनुवटीखाली मूठ धरून, आ वासून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या, आणि सगळे त्यांचा चेहरा बघत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या की लोकांना कळायचं की मी काहीतरी मोठं बोलले. ऐकण्यातही बाई माझ्या पुढं. माझं बोलणंच अडलं. पुढचं आठवेना. सगळे वाट बघत उभे. आणि मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, ठरवलेलं नव्हतं मुळीच, मी म्हटलं, "माझे वडील मला लहानपणी रविवारी इथं आणायचे. याच कठड्यापाशी कुठंतरी. बसायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. ऊन खाली जाईपर्यंत. मला वाटायचं आज काहीतरी सांगतील. कधी सांगितलं नाही. इथं आलं की मला ते आठवतं. मला या तळ्याबद्दल एवढंच माहीत आहे."

ऋताही तेव्हा आली होती आमच्याबरोबर, ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे. तो चेहरा, जो मी इतकी वर्षं दुसरीच्या वाट्याला गेलेला बघितला होता, तो तिच्या चेहऱ्यावर होता.

आणि तेवढ्यात मॅडम बोलल्या.

"मले सांगतलं व्हतं आबांनी हे."

आवाज कसला, नुसता फाटका वारा. तोवर गाडी घेऊन येऊन थांबलेली प्रज्ञा धावली, "आई, बोलू नको म्हणून सांगितलंय ना," हेडसरही "मॅडम, मॅडम" करायला लागले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. माझ्याकडे बघत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "म्हणे, बाकीच्यायसंगं मले बोला लागते. माही सुलू बाजूले बसली का काई बोलाच लागत नाई."

एवढ्यानं त्यांना ठसका लागला. पाणी दिलं, पाठ चोळली. प्रज्ञा माझ्यावर चिडलेली दिसत होती, जशी काही मीच बोलायला लावलं त्यांना. लगबगीनं त्यांना गाडीत बसवलं. मॅडमनी काच खाली केली, माझा हात घेतला, दाबला, आणि ओठांवर बोट ठेवून मान डोलावली. मग गाडी सुलतानपूरच्या रस्त्याला लागली. पदर खिडकीच्या बाहेर थोडा राहिला होता, कुणीतरी ओरडून सांगितलं, पण तो आत घेतलेला मला दिसला नाही.

नागपूरला त्यांचा आवाज तितकासा परत आला नाही असं कळलं. फोनवर आता प्रज्ञाच बोलते, त्या ठीक आहेत, खुशाल आहेत म्हणते.

लोक म्हणतात, किती चांगलं झालं, तुझ्या वडिलांचं मन तुला कळलं. झालंच की चांगलं. मी त्या दिवशी घरी येऊन आबांसाठी पहिल्यांदा पोटभर रडले. पण ते त्यांनी मला का नाही सांगितलं? मी बाजूलाच बसले होते ना. आबा माझ्याविषयी काही बोलले असं हे एकच वाक्य मला माहीत आहे. ते मनात म्हणायला जाते तेव्हा आबांचा आवाज लावून बघते, आणि तो लागत नाही. इंगळे मॅडमचाच येतो.